महिला शर्यतपटूंना पूर्ण हंगामाचे पाठबळ हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला दिनाच्या सुमारास मोटार शर्यतीत उतरणाऱ्या मुलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत झळकतात आणि ती पाहून माझ्यासारखीला आनंद होतोच. पण त्या मुली कोणत्या गटात धावल्या, कितव्या आल्या, सर्वांत वेगवान लॅप किती वेळात पूर्ण केली, यांतले काहीच त्या मजकुरात सहसा नसते. 2024 साली पुण्याच्या डायना पुंडोले यांनी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार शर्यत स्पर्धेत सलून, म्हणजे बंद छताच्या मोटारींच्या, गटाचे विजेतेपद मिळवले. पुरुष चालकांबरोबर एकाच गटात धावून राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. बातम्यांतून मात्र त्या दोन मुलांच्या आई आहेत हेच ठळकपणे पुढे आले. स्त्री-पुरुष एकाच सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतात असे खेळ मोजकेच आहेत, म्हणून या खेळातील यश मोजायला घड्याळाइतके स्वच्छ माप दुसरे नाही, आणि नेमके तेच बाजूला राहिले याचे वाईट वाटले.

‘मुलींना हे झेपेल का’ हा प्रश्न आजही विचारला जातो, तेव्हा मला फ्रान्सच्या मिशेल मूटॉन यांची आठवण होते. 1981 मध्ये इटलीतील सान रेमो रॅली जिंकून जागतिक रॅली स्पर्धेतील (वर्षभर निरनिराळ्या देशांतील रस्त्यांवर होणाऱ्या फेऱ्यांतील) एखादी फेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन फेऱ्या जिंकल्या. त्या तिन्ही ठिकाणचे रस्ते निराळे, खाचखळगे निराळे, धूळ निराळी. शेजारच्या आसनावर मार्ग वाचून दाखवायला फाब्रित्सिया पोन्स, म्हणजे गाडीत दोघीही महिलाच. आयव्हरी कोस्टच्या फेरीत जागतिक विजेतेपद हाताशी आले होते, पण रॅली सुरू होण्याच्या तोंडावर वडिलांच्या निधनाची बातमी आली. तरीही त्या धावल्या, बराच काळ आघाडीवर राहिल्या, आणि अखेर गाडीतील बिघाड व त्यानंतरचा अपघात यांमुळे ती रॅली हातची गेली. वर्षाअखेर जगज्जेते ठरलेले जर्मनीचे वॉल्टर रोर्ल यांना 109 आणि दुसऱ्या आलेल्या मूटॉन यांना 97 गुण होते. त्यांच्याच संघातून, तशीच ऑडी क्वाट्रो चालवणारे कसलेले हन्नू मिक्कोला 70 गुणांसह तिसरे आले, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ऑडी कंपनीच्या स्वतःच्या संघात मूटॉन यांना सहकाऱ्यासारखीच गाडी, तेच यंत्रज्ञ आणि पूर्ण वर्षभराच्या फेऱ्या मिळाल्या होत्या.

असे पाठबळ फार थोड्या जणींच्या वाट्याला आले. इटलीच्या लेला लोंबार्डी यांनी 1975 च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये सहावा क्रमांक मिळवला. भीषण अपघातामुळे ती शर्यत अर्ध्यावर थांबवावी लागली आणि त्यांना एका गुणाऐवजी अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत महिलेच्या नावावर आजवर जमा असलेला गुण तेवढाच. 1976 नंतर एकही महिला फॉर्म्युला वन शर्यतीच्या सुरुवातीला उभी राहिलेली नाही.

शरीरबळाचा मुद्दा मी टाळत नाही. फॉर्म्युला वनच्या खालच्या पायऱ्या असलेल्या फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला थ्रीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसते, त्या वळवायला दंडात आणि मानेत चांगलाच जोर लागतो. पण तो जोर व्यायामाने कमावता येतो. ट्रॅकवर घालवलेले तास मात्र पैशाशिवाय कमावता येत नाहीत. ब्रिटनच्या जेमी चॅडविक यांनी केवळ महिलांसाठी असलेली डब्ल्यू सिरीज 2019, 2021 आणि 2022 अशी तीन वेळा जिंकली, तरी त्यांच्यासाठी फॉर्म्युला थ्रीचे दार उघडले नाही आणि त्या अमेरिकेत गेल्या. ती स्पर्धाही पैशाअभावी 2022 चा हंगाम अर्धवट सोडून बंद पडली. 2023 मध्ये एफ वन अकॅडमी ही महिलांसाठीचीच नवी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक गाडीसाठी आयोजकांनी दीड लाख युरो घातले आणि तेवढीच रक्कम चालक मुलीने उभी करायची होती. महिलांसाठी वेगळी स्पर्धा असावी की नसावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझ्या मते ती असावी, मात्र तिथे जिंकणाऱ्या मुलीला पुढच्या हंगामात वरच्या, मिश्र गटातील जागा खर्चासह मिळण्याची हमी हवी.

ही अडचण आमच्या घरातही आली आहे. माझी भाची अकराव्या वर्षापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, करते. एका कंपनीकडे प्रायोजकत्वासाठी गेलो असता तिथल्या अधिकाऱ्यांनी तिचे निकालांचे कागद न पाहताच मार्चमधील कार्यक्रमात हेल्मेट घालून उभे राहण्याचे मानधन देऊ केले. तिला टायरचे दोन संच आणि सरावाचे चार दिवस हवे होते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत मोटारी जुळवणाऱ्या हातांत आज कितीतरी हात मुलींचे आहेत, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुली स्पर्धांसाठी शर्यतीच्या गाड्या स्वतः बांधतात, आणि तरीही राष्ट्रीय कार शर्यती होतील असा एकही पक्का ट्रॅक महाराष्ट्रात नाही. पुण्याच्या मुलीला सरावासाठी चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावे लागते, म्हणजे एका बाजूने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. त्यात शाळा-कॉलेज बुडते आणि सोबत कोणी मोठे माणूस लागते. मुलाला एकटे पाठवणारे घर मुलीला एकटे पाठवत नाही, म्हणून हा खर्च मुलीच्या बाबतीत दुप्पट होतो. राज्य शासनाने आणि वाहन उद्योगाने मिळून असा ट्रॅक उभारावा, आणि तो होईपर्यंत किमान दोन-तीन मुलींचा पूर्ण हंगामाचा खर्च उचलावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या शर्यती शनिवार-रविवारी होतात. सोमवारच्या क्रीडा पानावर त्यांचे निकाल दोन इंच जागेत का होईना, क्रमांक आणि वेळेसह छापावेत आणि त्यात महिला चालकांची नावे त्यांच्या क्रमांकाच्या जागीच यावीत. ती कात्रणे घेऊन आम्हाला पुढच्या प्रायोजकाकडे जाता येईल.

आपली नम्र,
एक वाचक, चिंचवड