सायकल दुकाने मजुरीवरच टिकतील
एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात गल्लीतली सायकल दुकाने कमी होत आहेत. ऑनलाइन सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांविरुद्ध आवळायचे. जोर लावून सुलट फिरवले, की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पायडल बसतो त्या दांड्याचे) आटे जातात. घरच्या जोडणीत चिमटाही (पुढचे चाक धरणारा फोर्क) कधी उलटा बसतो, आणि हा तर जिवाशी खेळ! पहिल्या 100-150 किलोमीटरमध्ये आरे सैल पडून चाक डुगडुगू लागते. मग आऊट काढणार, म्हणजे आरे आवळून चाक सरळ करणार कोण? ऑनलाइन घेतलेल्या अशा सायकली कामाला आल्या, तर दुकानदारांनी परत पाठवू नयेत. जोडणी, आऊट, गिअर-ब्रेक यांचे दर फलकावर लिहावेत. ग्राहकांनीही मजुरीत घासाघीस करू नये. नव्या सायकलीच्या विक्रीवर छोटे दुकान आता चालत नाही.

– एक सायकल मेकॅनिक, पुणे