बुद्ध्यंकाच्या अहवालातली चौथी ओळ

महोदय,

वर्गात पहिला हात वर करणारा तल्लख आणि पाढे म्हणताना अडखळणारा मठ्ठ, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. तिच्यापायी बुद्धिमापनाचे अहवालही चुकीचे वाचले जातात आणि ‘मुलाची बुद्धी बेताची’ असा शिक्का पालक घरी घेऊन जातात. म्हणून हे पत्र.

वेगाचा बुद्धीशी संबंधच नाही, असे आमचे म्हणणे नाही. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात तीन-तीन पेन्स घेऊन लोकांच्या प्रतिसादाचा वेग मोजला. १९०१ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधक क्लार्क विस्लर यांना मात्र हा वेग आणि विद्यार्थ्यांचे गुण यांत जवळजवळ काहीच नाते सापडले नाही. मोजमाप सुधारले तसे नाते दिसू लागले. दोन उभ्या रेषांपैकी आखूड कोणती, हे ओळखायला आकृती किती मिलिसेकंद दिसावी लागते ते मोजतात. या वेळेचा बुद्ध्यंकाशी सहसंबंध, वरचे अंदाज धरले तरी, उणे ०.५ च्या आसपास जातो (उणे म्हणजे वेळ कमी लागतो तसा बुद्ध्यंक जास्त; ० म्हणजे नातेच नाही, १ म्हणजे पूर्ण नाते). दोन गोष्टींतल्या फरकाचा सामाईक हिस्सा या आकड्याच्या वर्गाने कळतो, आणि इथे तो ०.२५. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा फार तर पाव हिस्सा वेगाशी जोडता येतो.

या प्रयोगात हाताला काम जवळपास नसते. मुलांच्या चाचणीत असते, आणि घोटाळा तिथेच होतो.

मुलांचा बुद्ध्यंक काढणाऱ्या वेश्लर चाचणीच्या चौथ्या आवृत्तीत चार निर्देशांक आहेत: शाब्दिक आकलन, आकृतींवरून तर्क, कार्यकारी स्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणे) आणि चौथा ‘प्रोसेसिंग स्पीड’, म्हणजे माहिती हाताळण्याचा वेग. या चौथ्यातली मुख्य उपचाचणी ‘कोडिंग’. डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतलेल्या मापनश्रेणीतही ती आहे. कागदाच्या वर १ ते ९ अंक आणि प्रत्येकाखाली एक खूण असते. खालच्या रांगांत नुसते अंक. त्यांखाली योग्य खूण काढायची. वेश्लरमध्ये त्यासाठी १२० सेकंद मिळतात, आणि जितक्या खुणा बरोबर तितके गुण.

आता यात काय काय अडते ते पाहा. पेन्सिलीची पकड कच्ची असेल तर खुणा कमी होतात. प्रत्येक खूण कोरीव काढणारे नेटके मूल मागे पडते. डावखुऱ्या मुलाचा हात वरच्या नमुन्यावरच येतो. त्याच्या उजवीकडे नमुन्याचा दुसरा कागद ठेवायला हवा, आणि तेच विसरले जाते. चष्म्याचा नंबर बदललेला असणे, आदल्या रात्री झोप न होणे, घड्याळाची धास्ती, यांनीही गुण उतरतात.

समजा, शाब्दिक १२४, तर्क ११८, स्मृती १०६ आणि वेग ८२ असे आकडे आले. सरासरी १०० असलेल्या या मापावर १२४ म्हणजे शंभरातल्या साधारण ९४ मुलांच्या पुढे, तर ८२ म्हणजे जेमतेम ११-१२ मुलांच्या पुढे. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या निर्देशांकात २३ किंवा अधिक गुणांचे अंतर असेल, तर एकच एकूण बुद्ध्यंक सांगणे दिशाभूल करणारे ठरते. इथे अंतर ४२ आहे. अशा वेळी फक्त शाब्दिक व तर्काच्या उपचाचण्यांवरून काढलेला ‘सामान्य क्षमता निर्देशांक’ मागून घ्यावा.

शिक्षकांना वर्गातही बरेच कळू शकते. एकाच पातळीची १० गणिते २० मिनिटांसाठी निळ्या पेनाने सोडवायला द्या. वेळ संपली की हातात हिरवे पेन देऊन आणखी १० मिनिटे द्या. हिरवी उत्तरेही चुकली तर संकल्पनाच पक्की नाही. ती बरोबर आली तर मूल संथ आहे, आणि कशात संथ ते शोधायचे. पाच ओळी नकलून घ्या, पाच ओळी वाचून घ्या, दहा तोंडी गणिते विचारा. तोंडी झटपट आणि लेखी रेंगाळणारे मूल असेल तर हाताकडे बघा. देवनागरीत प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेषा देणारी मुले पेन्सिल फार वेळा उचलतात. पूर्ण शब्दावर एकच रेघ द्यायची सवय लावली की वेळ वाचतो.

शिष्यवृत्ती परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. गोल रंगवणेही त्यातच. ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा भागही याच घड्याळात बसवलेला असतो. सोप्या, सरावाच्या प्रश्नांत वेग आणि अचूकता हातात हात घालून जातात. पण कठीण, अनेक पायऱ्यांच्या प्रश्नावर जास्त वेळ थांबणाऱ्यांचीच उत्तरे अधिक बरोबर येतात. दहावी-बारावीला अध्ययन अक्षमता प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटे जादा मिळतात, ती याच कारणाने रास्त आहेत. त्यांना ‘सवलतीचे मार्क’ म्हणणे अन्यायाचे आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मूल पहिल्यापासून संथ असणे वेगळे आणि काही महिन्यांत मंदावणे वेगळे. नंतरचे दिसले तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, सुरू असलेली औषधे आणि मधेच काही सेकंद शून्यात बघत राहणे, हे सारे बालरोगतज्ज्ञांना सांगा.

चाचणी केंद्रांना आमची विनंती: अहवालात चारही निर्देशांक वेगवेगळे छापावेत, मूल कोणत्या हाताने लिहिते त्याची नोंद असावी आणि कमी वेगामागचे दिसलेले कारण मराठीत दोन ओळींत लिहावे.

आपले,
शालेय समुपदेशक आणि विशेष शिक्षक