बाल्टिकच्या प्रवासात आम्हा दोघांना निवांतपणा देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

परतल्यावर फोन करून आपले आभार मानले, तेव्हा ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून आपण लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. ते आभार माझ्या मनाला अपुरे वाटले, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. दिवसभराचे काम आटोपल्यावर रीगातल्या आपल्या घरी बसून, लांबच्या नात्यातल्या आणि कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या दोघांच्या प्रवासाचा इतका बारकाईने विचार करणारे माणूस आम्हाला लाभले, हे चारचौघांत सांगावे असे वाटते. शिवाय तालिन, रीगा आणि विल्नियस या एस्टोनिया, लात्विया आणि लिथुएनिया या बाल्टिक देशांच्या तीन राजधान्यांत केवळ दोघांनी जायचे मनात असलेल्या इतर मराठी जोडप्यांनाही आपल्या सल्ल्याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

आजवरचे आमचे सगळे प्रवास मुलांच्या सुट्ट्या, सासूबाईंची औषधे आणि नातलगांची लग्नकार्ये यांच्याभोवती आखलेले. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी फक्त दोघांनी कुठेतरी जावे असे ठरले, तेव्हा एका प्रवासी कंपनीने दिलेली कार्यक्रमपत्रिका आम्ही आपल्याला दाखवली. तीत तीन राजधान्यांबरोबर फिनलंडमधले हेलसिंकी होते, दोन राजवाडे होते, आणि रोज सकाळी साडेसातला बस होती. आपले उत्तर एकाच ओळीचे होते: ‘यात तुम्ही दोघं एका बाकावर बसणार कधी?’ त्यानंतर आपण त्या पत्रिकेवर एकेक काट मारत गेलात आणि प्रत्येक काटेचे कारण सांगत गेलात. आपली खरी मदत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी त्या काटांकडेच बोट दाखवीन.

पहिली काट हेलसिंकीवर पडली. तालिनहून बोटीने दोन तासांत पोहोचता येते हे खरे, पण जाणे, येणे आणि बंदरावरचा खोळंबा धरला तर तालिनमधला एक अख्खा दिवस त्यात जातो, हे आपण दाखवून दिलेत. दुसरी काट परतीच्या वाटेवर पडली. मुंबईहून या शहरांना थेट विमान नाही, कुठेतरी विमान बदलावेच लागते. मग तालिनला उतरून पुन्हा तालिनहूनच निघण्यापेक्षा विल्नियसहून परतीचे तिकीट काढा, म्हणजे आलेली वाट उलट तुडवावी लागणार नाही, हा सल्ला साधा होता, पण आम्हाला तो आधी कोणीच दिला नव्हता.

कधी जावे याविषयीही आपण आम्हाला नीट विचार करायला लावलात. जूनच्या अखेरीस तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, याचे आम्हाला मोठे आकर्षण होते. पण 23 आणि 24 जूनला तिन्ही देशांत उन्हाळी अयनदिनाचा, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमाराचा, सण असतो, शहरातली माणसे शेकोट्या पेटवायला गावाकडे जातात आणि बरीच दुकाने, संग्रहालये बंद असतात, हे आपल्याकडून कळले. डिसेंबरात तालिनच्या नगरभवनासमोरचा नाताळ बाजार सुंदर असतो, मात्र उजेड जेमतेम सहा तास. अखेर अनंत चतुर्दशीनंतरचे दिवस ठरले. पितृपंधरवडा असल्याने नात्यात कोणाचे कार्य नव्हते, सासऱ्यांचे श्राद्ध सुरुवातीलाच झाले होते, आणि तिकडे सप्टेंबरअखेर झाडे पिवळी होऊ लागतात, असे तिन्ही योग जुळले.

व्हिसाचा भाग थोडक्यात लिहिते, कारण तो रूक्ष आहे, पण तिथेच अनेकांचे घोडे अडते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे प्रथम उतरायचे त्या देशाकडे. सिगुल्दा आणि युर्माला ही रीगाजवळची दोन्ही ठिकाणे आपण रीगात राहूनच पाहायला सांगितलीत, त्यामुळे लात्वियातला मुक्काम आपोआप सर्वांत मोठा झाला आणि अर्ज कोणाकडे करायचा हा प्रश्नच उरला नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, विमा निदान 30,000 युरोचा हवा, प्रौढ व्यक्तीचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो झाले आहे, आणि दोघांच्या अर्जांत प्रवासाचा आराखडा तारखेसकट तंतोतंत एक असावा, एवढे आपण लिहून दिलेत आणि आम्ही ते जसेच्या तसे पाळले. चलन तर तिन्ही देशांत युरोच आहे. एस्टोनियाने ते 2011 मध्ये, लात्वियाने 2014 मध्ये आणि लिथुएनियाने 2015 मध्ये स्वीकारले.

तालिनमध्ये मुक्काम तटबंदीच्या आत असावा, पण नगरभवनाच्या चौकात नसावा, कारण तिथला गजबजाट रात्री उशिरापर्यंत चालतो, हे आपले म्हणणे अगदी खरे ठरले. आम्ही दोन गल्ल्या आत राहिलो. मोठी जहाजे बंदराला लागली की दहा वाजल्यापासून जुन्या शहरात पर्यटकांचे थवे शिरतात, म्हणून तूमपेआच्या टेकडीवरील कोहतुओत्सा सज्जावर न्याहारीपूर्वीच जा, असे आपण बजावले होते. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा एवढेच होते. खाली लाल कौलांची छपरे, ओलेविस्ते चर्चचा उंच मनोरा आणि पलीकडे समुद्र. मी आणि हे, कठड्याला टेकून किती वेळ उभे होतो कोण जाणे. एरवी फोटोची घाई करणाऱ्या ह्यांनी फोन खिशातून काढलाही नाही, हे मला विशेष वाटले.

नगरभवनाच्या चौकातील औषधालयाचा उल्लेख 1422 पासून सापडतो आणि ते आजही चालू आहे. तिथे आम्ही डोकेदुखीच्या गोळ्या विकत घेतल्या, याचे ह्यांना फार अप्रूप. पण तालिनमधला आमचा सर्वांत चांगला वेळ गेला तो काड्रिओर्गच्या बागेत. रशियाचा सम्राट पीटर याने पत्नी कॅथरीनसाठी 1718 मध्ये तिथला राजवाडा बांधायला घेतला. आपण राजवाड्याच्या आतली फेरी ऐच्छिक ठेवली होती आणि हंसांच्या तळ्याकाठचे बाक मात्र सक्तीचे केले होते. त्या बाकावर बसून आम्ही मुलांविषयी बोललो नाही, घराच्या कर्जाविषयी बोललो नाही. लग्नाआधी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांविषयी बोललो.

तालिन ते रीगा बसला साडेचार तासांच्या आसपास लागतात. त्या प्रवासाआधी वाचा म्हणून आपण ‘बाल्टिक मार्गा’विषयी जे टिपण पाठवलेत, त्याने आमच्या प्रवासाला वेगळे वजन आले. 23 ऑगस्ट 1989 रोजी, हे तिन्ही देश सोव्हिएत संघाच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी करणाऱ्या, हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांतील करारास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, सुमारे वीस लाख माणसे तालिनपासून रीगामार्गे विल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर हात धरून उभी राहिली. आजची बस पार्नूवरून किनाऱ्याजवळून जाते, ती साखळी मात्र आतल्या बाजूने विल्यांडी, वाल्मिएरा, सिगुल्दा अशी गेली होती. रीगापासून पुढे बाउस्का, पानेवेझिस करत विल्नियसला जाणारा रस्ता तोच, हा बारकावाही आपण नोंदवला होता. रीगा सोडल्यावर खिडकीबाहेर नुसती सपाट शेते आणि बर्चची झाडे होती. पण त्या रस्त्याच्या कडेने माणसे कशी उभी असतील हे आम्ही एकमेकांना दाखवत राहिलो, आणि एरवी डुलकीत गेला असता तो प्रवास आम्हाला पुरला नाही.

रीगा आपले शहर, त्यामुळे तिथे आपण सर्वाधिक काट मारलीत याचे मला आधी आश्चर्य वाटले. आल्बेर्ता रस्त्यावर मिखाइल आयझेनस्टाइन यांनी बांधलेल्या इमारती पाहायच्या असतील तर समोरच्या पदपथावरून चाला, तरच वरच्या मजल्यांवरचे चेहरे, सिंह आणि फुले दिसतील, ही सूचना लहान, पण तिच्यावाचून आम्ही अर्धा रस्ता न पाहता चाललो असतो. मध्यवर्ती बाजार, जो 1930 साली झेपेलिन वायुनौकांच्या (हवेत तरंगणाऱ्या जहाजांच्या) जुन्या गोदामांचे सांगाडे वापरून उभा राहिला, तिथे मी शाकाहारी म्हणून काय खाऊ शकते याची आपण वेगळी यादी दिली होती: राय या धान्याचा काळा पाव, मध, आंबवलेली कोबी, भांगेच्या बियांचे लोणी, नाना तऱ्हेचे चक्के. विल्नियसमधले थंड, गुलाबी सूपही आपल्याच यादीतले. बिटाच्या कोशिंबिरीत ताक ओतावे तशी त्याची चव लागली आणि सोबतच्या गरम बटाट्यांमुळे पोटभर जेवण झाले. त्यात अंडे नको हे आधी सांगायचे, हेही आपण विसरला नव्हतात.

आणि तुराइदा. ताई, ही जागा आमच्या मूळ पत्रिकेत नव्हतीच. रीगाहून आगगाडीने तासाभरात सिगुल्दा येते, आणि गाउया नदीच्या पलीकडे तुराइदाचा लाल विटांचा किल्ला. किल्ल्याजवळ एका लिंडेन झाडापाशी मायाची समाधी आहे. लढाईनंतर तान्ही सापडलेली ही मुलगी किल्ल्यातल्या कारकुनाने वाढवली, सिगुल्दाच्या माळ्यावर तिचे प्रेम जडले आणि दोघे गूटमनच्या गुहेत भेटत. 1620 साली एका सैनिकाने खोट्या चिठ्ठीने तिला त्या गुहेत बोलावले. माझ्या गळ्यातल्या या लाल रुमालात तलवारीपासून वाचवायची शक्ती आहे, हवे तर वार करून बघ, असे तिने त्याला सांगितले. त्याने वार केला आणि शीलरक्षणासाठी ती मेली, अशी तिची कथा सांगतात. नवविवाहित जोडपी आजही तिथे फुले वाहायला येतात. आम्ही उभे असताना असेच एक जोडपे आले. गवत ओले होते. नवरीने एका हाताने झगा वर धरला होता, नवऱ्याने तिच्या बुटांना लागलेला चिखल स्वतःच्या रुमालाने पुसला, आणि मगच दोघांनी फुले ठेवली. आमच्याजवळ फुले नव्हती. ह्यांनी वाटेतले मेपलचे पिवळे पान उचलून माझ्या हाती दिले आणि ते मी समाधीवर ठेवले.

विल्नियसबद्दल आपला एकच आग्रह होता: गरम हवेच्या फुग्यातून उड्डाण करायचे असेल तर ते पहिल्याच संध्याकाळी ठरवा. राजधानीच्या शहरावरून असे फुगे उडू देणारी ठिकाणे युरोपात थोडीच; पण उड्डाण सूर्योदयानंतर किंवा सूर्यास्ताआधी, तेही वारा शांत असेल तरच, आणि शेवटच्या दिवसावर ठेवले तर रद्द झाल्यावर दुसरी संधी उरत नाही. झालेही तसेच. पहिल्या संध्याकाळी वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झाले आणि दुसऱ्या पहाटे झाले. नेरिस नदी, गेडिमिनासचा बुरूज आणि चर्चची शिखरे पायांखालून सरकत होती, आणि मला उंचीची भीती वाटते हे ठाऊक असल्याने ह्यांनी माझा हात उतरेपर्यंत सोडला नाही.

कॅथेड्रलच्या तळघरातील बार्बोरा राडविलाइटे हिची शवपेटी पाहायलाही आपणच पाठवलेत. लिथुएनियाचा तरुण शासक झिगमंट ऑगस्ट याने आईच्या आणि सरदारांच्या विरोधाला न जुमानता 1547 मध्ये तिच्याशी गुपचूप लग्न केले. तिला राणीचा मुकुट मिळाला आणि काही महिन्यांतच, 1551 च्या मे महिन्यात, पोलंडमधल्या क्राकूवमध्ये ती वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला विल्नियसला आणले, आणि झिगमंट स्वतः त्या अंत्ययात्रेसोबत आला. बाहेर त्याच चौकात, 1989 च्या मानवी साखळीची खूण म्हणून जमिनीत बसवलेली फरशी आपण सांगितलेल्या जागी सापडली. विल्नियसजवळच्या त्राकाईचा तळ्यातला किल्ला, तिथल्या काराईम समाजाचे चक्का भरलेले, करंजीसारखे किबिनाई, हे सारे छान झाले, पण माझे मन त्या तळघरात अधिक रेंगाळले.

प्रत्येक दिवसाच्या कागदावर आपण संध्याकाळचा रकाना कोरा ठेवून ‘इथे काही ठरवू नका’ असे लिहिले होते. त्या रकान्यांत काय भरले ते इथे लिहीत नाही. ते आपल्यामुळे आमचे झाले, याबद्दल आम्ही उभयता आपले मनापासून ऋणी आहोत.

एक विनंती आहे. माझी धाकटी जाऊ आणि दीर पुढच्या वर्षी हाच प्रवास करू म्हणतात. आपली परवानगी असेल तर आपली टिपणे, काटांसकट, त्यांना देते. आपण दिवाळीत सांगलीला येणार असल्याचे कळले. या वेळी उतरायचे ते आमच्याकडेच, आणि आपल्या आईंना सोबत आणायचे. सासूबाई आपली वाट पाहत आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
आपल्या सांगलीच्या मावसबहिणीची नणंद