लघवीची गोळी आणि वजनाचा काटा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यात मी गेली तीस वर्षे दवाखाना चालवतो. आसपासच्या तालमींतले पैलवान नेहमी येतात. गेल्या हंगामात एका स्पर्धेच्या दिवशी दुपारी एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या सोबत्यांनी अक्षरशः उचलून आणले. पोटऱ्यांत गोळे, जीभ कोरडी ठणठणीत, उभे केले की डोळ्यांपुढे अंधारी. रक्तातले पोटॅशियम २.८ निघाले, ते किमान साडेतीन तरी हवे. खोदून विचारल्यावर कळले, ६१ किलोच्या गटात बसण्यासाठी दोन दिवसांत लघवीच्या चार गोळ्या घेतल्या होत्या. वस्तादांना पत्ता नव्हता. गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळाल्या होत्या.

तो पोरगा वाचला. पण त्याचा समज होता तोच मी अनेक पोरांच्या तोंडून ऐकतो : "डॉक्टर, नुसतं पाणीच तर जातंय."

नुसते पाणी जात नाही, साहेब. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडला तर बाकी सगळा परत रक्तात घेतात. गाळलेल्या मिठापैकी साधारण पाव हिस्सा मूत्रनलिकेच्या एका वळणावर परत शोषला जातो. फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी नेमकी तिथली वाट बंद करते. मीठ लघवीत राहते आणि आपल्यामागे पाण्याला ओढून नेते. तासाभरात सुरुवात होते, सहा-आठ तासांत गोळीचा जोर ओसरतो.

त्यानंतर जे घडते, ते या पोरांना कुणी सांगितलेलेच नसते. पाणी घटल्याची खबर मूत्रपिंडाला लगेच लागते. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही मीठ राखायला लावणारी संप्रेरके वाढतात आणि गोळी उतरली की मूत्रपिंड मिठाचा कण न् कण अडवू लागते. जेवणात नेहमीइतके मीठ असेल, तर गेलेले बरेचसे मीठ उरलेल्या दिवसात परत साठते आणि चोवीस तासांचा हिशेब जवळपास जुळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच गोळी कमी ओढते, म्हणून पोरगा दोन घेतो. चरबी मात्र तसूभरही हललेली नसते.

हृदयविकाराच्या किंवा अंगावर सूज असलेल्या रुग्णाला हीच गोळी जीवदान देते. त्याच्या शरीरात जास्तीचे पाणी साठलेले असते. त्यांनी हे पत्र वाचून गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. पैलवानाच्या अंगात जास्तीचे पाणी नसते. शिवाय तो मीठ सोडतो, पाणी तोडतो, स्वेटर घालून उन्हात पळतो. मूत्रपिंडाला भरपाई करायला तो काहीच शिल्लक ठेवत नाही. अल्डोस्टेरॉन मीठ वाचवताना पोटॅशियम घालवते, आणि ते फार उतरले की हृदयाचे ठोके बिघडतात. वर गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतले, तर कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. मला सर्वांत जास्त धास्ती या जोडीची वाटते.

अमेरिकेत १९९७ साली अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन तोडताना गेले. ते घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथे हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवले जाऊ लागले. त्यासाठी शरीरात पाणी पुरेसे असताना, लघवीचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे ती किती दाट आहे) तपासून, वजन आणि चरबी मोजतात.

आपल्याकडे हे करताना एक खबरदारी हवी. फक्त स्पर्धेच्या सकाळी लघवी तपासली, तर गोळी घेतलेला पोरगा सहज पास होईल. गोळीमुळे लघवी पाण्यासारखी पातळ येते, मग शरीर आतून कितीही सुकलेले असो. म्हणून मोजमाप हंगामाआधी, तालमीत जाऊन, वस्तादांसमोर व्हायला हवे. प्रत्येक पोराच्या नावापुढे किमान वजन लिहिले जावे आणि त्याखालच्या गटात त्याची नोंदच घेऊ नये. जिल्हा क्रीडा अधिकारी आणि शासकीय रुग्णालयाचा एक डॉक्टर एवढ्यावर हे होऊ शकते.

दुसरे, या गोळ्या उत्तेजक-प्रतिबंधक यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. शेन वॉर्नसारखा गोलंदाज २००३ च्या विश्वचषकातून याच प्रकारच्या गोळीमुळे घरी गेला आणि वर्षभर बंदीत राहिला. आपल्या ग्रामीण मल्लांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊक नाही. क्रीडा विभागाने मराठीत एक साधे पानभर पत्रक काढावे आणि ते तालमीतालमीत भिंतीवर लावावे. चिठ्ठीशिवायच्या विक्रीबाबत आपण अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्र्यांशी बोलावे, हीही विनंती.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी सांगली-कोल्हापुरातल्या निदान दहा तालमींत हे मोजमाप करून पाहावे. आमच्या भागातल्या तालमींत मी स्वतः विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
सांगली जिल्ह्यातील एक डॉक्टर