विनितसियाच्या शवागृहातल्या डॉक्टरांना, ७५७ नंबरच्या बॅगेसाठी मनापासून थँक यू

नमस्कार डॉक्टर,

मराठीत लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल, पण हे आभार मला माझ्या भाषेतच नीट मानता येतील आणि इकडच्या लोकांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते. रशियाच्या कैदेत मेलेली युक्रेनी पत्रकार व्हिक्टोरिया रोशचिना, तिचा चुकीच्या लेबलखाली आलेला देह युक्रेनमधल्या तुमच्या शवागृहात ओळखला गेला, त्याचे हे आभार. तुमचं नाव घेत नाहीये. युद्ध चालू आहे तोवर ते बाहेर न आलेलंच बरं. तुम्ही एकटे नसणार, टीम असणार, सोबत मदतनीस असणार, डीएनएचं काम करणारे वेगळे असणार, तर हे सगळ्यांनाच धरा.

मी युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाला एमबीबीएस करत होते. आमच्यासारखी महाराष्ट्रातली बरीच मुलंमुली तिथे होती, लातूर नांदेड जळगाव सगळीकडची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि आम्ही ट्रेनने पश्चिमेकडे, मग हंगेरी, मग ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी. आम्ही सुटलो, पण मागे राहिलेली माणसं डोक्यातून जात नव्हती. हॉस्टेलच्या वॉर्डन बाईंचे आईवडील एनेर्होदारला होते, ते अणुवीज केंद्राचं गाव, मार्चच्या सुरुवातीलाच रशियन सैन्याने घेतलं, आणि तिथे नक्की काय चाललंय ते कुणालाच कळेना. तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिक्टोरिया रोशचिनाच्या बातम्यांची लिंक टाकली. मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचायचो. एनेर्होदार, मेलितोपोल, बेर्द्यान्स्क, जिथे बाकीचे पत्रकार जाऊ शकत नव्हते तिथे ही मुलगी जाऊन यायची आणि लोक कसे राहतायत, कुणाला उचलून नेलंय, शाळेत काय शिकवायला लावतायत ते लिहायची. झापोरिझ्झियाचीच होती ती. सगळे तिला व्हिका म्हणायचे. माझ्यापेक्षा थोडीच मोठी.

मार्च २०२२ मध्ये तिला बेर्द्यान्स्कला पकडलं होतं, दहाएक दिवसांनी सोडलं, आणि सोडताना रशियन सैनिकांनी माझा जीव वाचवला असा व्हिडिओ तिच्याकडून बोलून घेतला. एवढं झाल्यावर कुणीही म्हणेल आता बस. ही परत गेली. आणि जुलै २०२३ मध्ये पोलंड, मग लॅटव्हिया, मग रशिया असा केवढा तरी वळसा घालून ती पुन्हा रशियाने व्यापलेल्या भागात शिरली, कारण तिथे सामान्य नागरिकांना गुपचूप कुठे कुठे डांबून ठेवतायत त्या जागा तिला शोधायच्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला तिचा संपर्क तुटला तो कायमचा.

मग तिच्या वडिलांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. रशियाने तिला ताब्यात घेतलंय हे कबूल करायलाच २०२४ चा एप्रिल उजाडला. तोपर्यंत कागदावर ती फक्त बेपत्ता. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी एकदा घरी फोन करू दिला, तुरुंगात तिने खाणं सोडलं होतं, तेव्हा आईवडिलांना म्हणाली की मी खाईन. नंतर कैद्यांच्या अदलाबदलीच्या यादीत तिचं नाव आहे असं कळलं, घरचे वाट बघत होते, आणि ऑक्टोबरमध्ये आलं ते रशियन संरक्षण मंत्रालयाचं पत्र की १९ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला. कारण नाही, कुठे ते नाही. सत्तावीस वर्षांची होती.

आणि पत्र आलं तरी ती आली नाही डॉक्टर. बॉडी नाही म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगणार. आईबापाला रडायलाही धड जागा नसते. कागद खोटा असेल, दुसरीच कुणी असेल, कुठल्यातरी तुरुंगात असेल, मन सोडायला तयार होत नाही.

१४ फेब्रुवारी २०२५ ला रशियाने ७५७ मृतदेह परत दिले. तिची बॅग शेवटच्या नंबरची. त्यावर लिहिलेलं होतं अनोळखी पुरुष, आणि मृत्यूचं कारण म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब. तुम्ही ती उघडली, आत दुसरी बॅग, तिच्या आत तिसरी, आणि आत एका बाईचा देह, डोक्यावरचे केस काढलेले, पायाला अडकवलेल्या चिठ्ठीवर तिचं आडनाव.

मी सध्या एका ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप करतेय. आमच्याकडे पीएमला, म्हणजे पोस्टमॉर्टेमला, बॉडी येते ती पोलिसांच्या पंचनाम्यासकट, आणि त्यात आधीच काहीतरी लिहिलेलं असतं, अनोळखी पुरुष, अंदाजे वय अमुक, छातीत दुखून मयत वगैरे. आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडम पहिल्यांदा तो कागद बाजूला ठेवायला लावतात, आधी बॉडी बघ मग कागद. आता बाई आहे की पुरुष हे तर कुणालाही दिसलं असतं, आभार त्याचे नाहीत. आभार त्यानंतरचे आहेत. कितीतरी बॅगा उघडून झालेल्या, वास, थंडी, बाहेर नातेवाइकांचे फोन, आणि बॅगेवर सरळ सरळ चुकीचं लेबल. इतक्या गर्दीत एखाद्याने लेबल बदललं असतं, चिठ्ठीवरचं नाव उतरवलं असतं आणि फाईल पुढे सरकवली असती. तुम्ही तसं केलं नाहीत. चिठ्ठीवर विसंबला नाहीत, डीएनए केला, तो जुळला.

आणि मग तुम्ही एकेक खूण लिहून काढलीत. खरचटलेलं, रक्त साकळलेलं, मोडलेली बरगडी, मानेवरची इजा, तळपायावर शॉक दिल्यासारख्या खुणा. बॉडी तुमच्याकडे येण्याआधीच एकदा फाडून झाली होती हेही तुम्ही नोंदवलंत. मेंदू नाही, डोळे नाहीत, श्वासनलिकेचा भाग नाही.

इथे मी थांबून आमच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण बातमीत हे वाचून लोकांना फक्त शहारा येतो आणि अर्थ निसटतो. गळा दाबून कुणी मेलं असेल तर त्याच्या खुणा कुठे शोधायच्या हे आम्हाला शिकवतात. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला रक्ताचे बारीक ठिपके, मानेतल्या हायॉइड हाडाचं फ्रॅक्चर, श्वासनलिकेच्या आसपास रक्त साकळणं. म्हणजे ज्या जागी उत्तर मिळालं असतं नेमक्या त्याच जागा रिकाम्या होत्या. ज्याने कुणी ते काढून घेतलं त्याला आपण काय काढतोय हे माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

तरी तुम्ही तर्क लिहिला नाहीत. मला सगळ्यात जास्त आभार याचे मानायचेत. सगळं जग एक वाक्य ऐकायला टपलेलं असताना, तिचा छळ झाला हे खुणा ओरडून सांगत असताना, देहाच्या या अवस्थेत मृत्यूचं नेमकं कारण ठरवता येत नाही हेच बाहेर सांगितलं गेलं. किती कठीण असेल ते. संताप आल्यावर हात आपोआप पुढचं वाक्य लिहायला जातो, मला तर नक्कीच गेला असता. पण तुम्ही दिसलं तेवढंच लिहिलंत, नव्हतं ते नव्हतं म्हणून लिहिलंत, आणि म्हणूनच तो रिपोर्ट उद्या कुठल्याही कोर्टात कुणीही उभा केला तरी पडणार नाही.

त्या रिपोर्टवर पुढे किती जण उभे राहिले बघा. फॉरबिडन स्टोरीज या पत्रकारांच्या संस्थेने तिचंच काम पुढे न्यायचं ठरवलं होतं, वेगवेगळ्या देशांतल्या १३ संस्थांचे ४५ पत्रकार त्यात होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सगळं बाहेर काढलं, ती कुठे कुठे होती, मेलितोपोल, मग रशियातल्या तागानरोगचा दोन नंबरचा तुरुंग. तिच्यासोबत कोठडीत राहिलेल्या एका बाईने सांगितलं की व्हिकाचं वजन तीस किलोवर आलं होतं, उशीवरून मान उचलता येत नव्हती, ही बाई आधी तिचं डोकं वर धरायची मग ती वरच्या बंकला धरून कशीबशी उठायची. त्या बाईंनाही माझा नमस्कार सांगा, कधी भेटल्या तर. स्वतः तिथून सुटून आल्यावर ते सगळं परत आठवून बोलायचं म्हणजे काय ताकद लागते. त्यांचं बोलणं आणि तुमचा कागद एकमेकांना जुळले म्हणून आता कुणी म्हणू शकत नाही की हे सगळं रचलेलं आहे. त्या तुरुंगाच्या प्रमुखावर तुमच्या देशात गैरहजेरीत आरोपही ठेवले गेलेत.

बेपत्ता पत्रकारांच्या बाबतीत हे असंच असतं हे मला आधी कळत नव्हतं. फोटोग्राफर माक्स लेविन मार्च २०२२ मध्ये कीवजवळ बेपत्ता झाला, १ एप्रिलला जंगलात सापडला, आणि नंतर रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची माणसं मेटल डिटेक्टर घेऊन त्याच जागी गेली तेव्हा जमिनीत घुसलेली गोळी मिळाली, त्यावरून कळलं की तो चकमकीत मध्ये सापडला नव्हता, त्याला ठरवून मारलं होतं. आमच्याकडचा दानिश सिद्दीकी, रॉयटर्सचा, काही वर्षं मुंबईतूनच काम केलेला, जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाकला गेला तो शवपेटीतून दिल्लीला आला, जामियाच्या कब्रस्तानात आहे. त्याच्या देहाची काय अवस्था केली होती यावरही घरच्यांना लढावं लागलं. बातमी देणारा माणूस मेला की त्याची शेवटची बातमी त्याच्या अंगावर असते, आणि ती वाचू शकणारी माणसं तुम्ही.

८ ऑगस्ट २०२५ ला कीवमध्ये व्हिकाचा अंत्यविधी झाला. तिच्या नावाने झाला. मी इथे ओपीडी संपल्यावर मोबाईलवर फोटो बघत होते, लोक गुडघ्यावर बसलेले, पांढरी फुलं, सोबतचे पत्रकार. बॅग उघडून कुणी पुढे सरकवली असती तर ती आज कुठल्यातरी नंबराखाली पुरलेली असती आणि तिचे वडील अजून पत्रं लिहीत असते.

त्याच महिन्यात द्मित्रो खिलयुक सुटून आला, युनियान वृत्तसंस्थेचा पत्रकार, मार्च २०२२ मध्ये उचलला होता, साडेतीन वर्षांनी जिवंत परत. त्या दिवशी मी खूप रडले, आनंदाने. अजून कितीतरी युक्रेनी पत्रकार आत आहेत. ते सगळे खिलयुकसारखे चालत यावेत, तुमच्या टेबलावर त्यातलं कुणीच येऊ नये एवढंच मागते.

पण तुमचं काम थांबलेलं नाही हेही दिसतंय. जून २०२५ मध्ये एकाच महिन्यात सहा हजारांहून जास्त मृतदेह परत आले ना. मी इथे पीएमच्या दिवशी संध्याकाळी जेवू शकत नाही, तुम्ही कसे झोपता कोण जाणे. तेव्हा डॉक्टर, काळजी घ्या, जेवत जा, आळीपाळीने सुट्टी घ्या. आणि झापोरिझ्झियाच्या एका जुन्या स्टुडंटकडून, परभणीहून, मनापासून आभार. द्याकुयु, तुमच्या भाषेतलं थँक यू.