उजवीकडचा घास

डोंबिवली, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

चिपळूणला गाडी दोन तास उशिरा आली, पण नीट पोचलो. आगळाची बाटली सांडली नाही, कुळथाचं पीठही धड आहे. पुढचं फोनवर सांगायला गेलं की आई नुसतं "हो हो" म्हणते आणि बाबा फोन चिंगीकडे द्यायला सांगतात, म्हणून लिहिते आहे.

आई, निघायच्या आदल्या रात्री तू भाकरीचा पापुद्रा काढून ठेवलास आणि मऊ तेवढी सारात कुस्करून खाल्लीस. घास सगळा डावीकडे. विचारलं तर म्हणालीस, "वय झालं, आता दात जायचेच." नुसत्या वयाने दात जात नाहीत गं. हिरडी सुजत राहते, दाताभोवतीचं हाड झिजतं, मग ते हलायला लागतात. तुझी साखर वाढली की हिरड्यांचं दुखणं जोर धरतं, आणि हिरड्या चिघळल्या की साखर आटोक्यात यायला आणखी त्रास. गोळी वाढवली तरी साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांना नावं ठेवतेस ना, मग एकदा तोंडही दाखवू या. शेजारच्या काकू म्हणतात दात साफ करून घेतले की हलतात, ते सोडून दे. वर्षानुवर्षांचं कीटण निघालं की मधल्या फटी उघड्या दिसतात, एवढंच.

आणि मशेरी. पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याच्या वासाने मला अजून ठसका लागतो. तिने दाढ दुखायची थांबते म्हणतेस. ती घटकाभर बधिर होते, कीड आत चालूच असते. मशेरी सोडली की पोट साफ होत नाही, हेही मला माहीत आहे, म्हणून उद्यापासून बंद कर असं मी म्हणत नाही. पण तू बोट जिथे लावतेस तिथे, उजव्या गालाच्या आत, मला पांढुरकं दिसलं. दुखत नाही म्हणून राहू द्यायचं नाही. असले चट्टे सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत.

बाबा, तुम्ही हसू नका, आता तुमची पाळी. कवळी लग्नाकार्यापुरती लावता आणि बाकी वर्षभर ती फडताळात, पेपरात गुंडाळलेली. ती रुतते म्हणता, तर रुतणारच. दात काढल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं आणि जुनी कवळी सैल पडते. ती दुरुस्त करून मिळते. रात्री काढून ब्रशने घासायची आणि साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकलीत तर वाकडी होईल.

सुपारीचं लिहायला हात थोडा अडखळतो. आपली वाडीच पोफळींची, तिच्यावर माझी फी भरली गेली, नि मीच आता शहाणपणा सांगणार. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातली. बरेच दात गेले तरी तुम्ही खलबत्त्यात कुटून विडा खाताच. जांभई देताना तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, असं तुम्हीच मे महिन्यात म्हणालात. आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावतात का बघा. मावली नाहीत, किंवा आमटीचं तिखटही झोंबत असेल, तर गालाचं कातडं आतून आवळत चाललं असण्याची शक्यता आहे. सुपारी विका, खाऊ नका.

चिंगीला तिथे खोबरं चावताना मागे दुखलं होतं, आठवतं? तिची सहाव्या वर्षाची दाढ येते आहे. दुधाच्या दातांच्या मागे येते, आधी काही पडत नाही, त्यामुळे सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. माझीही तशीच वाटली होती. "पडेल आपोआप" म्हणत राहिलो आणि तेराव्या वर्षी ती कायमची काढावी लागली. तुम्हाला दोष देत नाही, तेव्हा कोणाला ठाऊक होतं. हिच्या दाढेच्या खाचा डॉक्टर भरून देणार आहेत, कीड धरू नये म्हणून. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि रात्रीचा ब्रश मी स्वतः करते. दादाच्या बाळाला दात आले की त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, आणि झोपताना तोंडात दुधाची बाटली नको. वहिनीला मी सांगितलंय, पण तिला तुझंच पटतं, आई.

पावसाआधी कौलं शाकारायला बाबा गडी दोन महिने आधी सांगून ठेवतात. दातांना मात्र गळती लागल्यावर. म्हणून चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी मी येते, आपण तिघं चिपळूणला जाऊ. आईची साखरेची फाईल घ्या. बाबांची रक्त पातळ करायची गोळी दाताच्या डॉक्टरांना दाखवायची आहे. दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. कवळी डबीत, पाण्यात घाला, पेपरात नको.

चिंगीचा खालचा दात काल पडला. इथे फेकायला कौलं नाहीत, म्हणून तिने तो काड्यापेटीत ठेवलाय. येताना घेऊन येते.

तुमची,
बेबी