पूर्णगडच्या बंदरावर एक काठी रोव

मुक्काम रत्नागिरी
वैशाख शुद्ध दशमी, रात्र

प्रिय शमी,

काका मला भेटायला आलेत. उद्या सकाळच्या गाडीने ते पूर्णगडला परत निघतील, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. पोस्टात टाकलं असतं तर पौर्णिमा उलटून गेली असती, आणि मला तुझ्याकडून जे काम हवंय ते पौर्णिमेच्या आसपासचंच आहे. आमचे फोन ऑफिसात जमा असतात. संध्याकाळी अर्धा तास मिळतात, आणि तो अर्धा तास आई रडण्यात आणि मी तिला समजावण्यात जातो. तुझ्याशी नीट बोलायचं तर कागदच बरा.

मी निघाले त्या दिवशी तू एस.टी.च्या थांब्यावर आलीस. रातांबे फोडून हात लालभडक झालेले, ते तू ओढणीत लपवत होतीस. "जाऊन ये गं," एवढंच म्हणालीस. मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती गाडी सुटेपर्यंत तोंडातून बाहेर आली नाही. ती आधी लिहिते, नाहीतर पुढचं काही लिहिता येणार नाही.

सुट्टीतल्या या विज्ञानवर्गाच्या अर्जात एक प्रश्न होता, आठवतं? "तुमच्या गावातली अशी एखादी गोष्ट लिहा, जी तुम्ही रोज पाहता पण तुम्हाला समजलेली नाही." आपण दोघींनी अर्ज एकाच दिवशी भरले, पण मी काय लिहिलं ते तुला दाखवलं नाही. मी भरतीबद्दल लिहिलं. आठवीत असताना बंदरावर बसून तू माझ्या आजोबांना विचारलं होतंस, की पुनवेला पाणी कसं ठरल्यासारखं येतं, मग अष्टमीच्या आसपास, भांगात, ते एवढं उशीर का करतं? आजोबा म्हणाले होते, "भांगात पाणी आळसावतं." तेच मी लिहिलं. प्रश्न तुझा, उत्तर माझ्या आजोबांचं, आणि निवड माझी झाली. तुझीही निवड झाली होती हे मला माहीत आहे. तुझ्या बाबांनी सही केली नाही, आणि मी मात्र तुझा प्रश्न घेऊन इथे आले. दहा दिवस हे मनात सलतंय.

आता इथलं सांगते.

आम्ही चाळीसजण आहोत, सगळे अकरावी झालेले, देवगडपासून दापोलीपर्यंतचे. एकवीस दिवस राहायचं, कॉलेजच्या मुलांच्या सुट्टीत त्यांच्याच वसतिगृहात, त्यांच्याच लॅबमध्ये. तुझा मावसभाऊ गेला होता तो केंद्र सरकारचा इन्स्पायर विज्ञान कॅम्प वेगळा. तो पाच दिवसांचा, आणि तिथे दहावीच्या निकालातल्या वरच्या एक टक्क्याला बोलावतात. इथे गुणपत्रिकेकडे फारसं कुणी पाहिलं नाही, ते एक उत्तर पाहिलं. सकाळी गणित आणि भौतिकशास्त्र, जेवणानंतर लॅब, संध्याकाळी आपापलं काम. जेवण बरं आहे. भात, आमटी, कधी कुळथाची पिठी. मासे बुधवारी.

पाण्याचे हाल आहेत. माणशी दोन बादल्या, आणि परवा टँकर आला नाही तेव्हा एकच. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात आपण घागरी घेऊन रांगेत उभ्या, हे आपण लहानपणापासून बघतोय. सरांनी जांभ्याचा एक चिरा लॅबमध्ये आणून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वर थोडं थांबलं, मग भोकाभोकांतून खाली निघून गेलं. सड्याचं, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठाराचंही असंच होतं म्हणाले. काही पाणी वरून वाहून जातं, उरलेलं जांभ्यातून उतरून खालच्या कडेने झऱ्यांतून खाडीकडे निघतं. सांगितलं तर एवढंच, पण मला आपली वाडीतली विहीर आठवली, शिमग्यानंतर तळ गाठणारी, आणि घसा दाटून आला.

पहिला आठवडा वाईट गेला. शिकवणं इंग्रजीतून. शब्द ओळखीचे वाटायचे, पण वाक्य संपेपर्यंत अर्थ हातून निसटायचा. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा. एका शिकवणाऱ्यांना मी मराठीतून शंका विचारली तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अशाने पुढे कसं होणार तुझं?" त्या रात्री मी पिशवी भरून ठेवली होती, शमी. खरंच. सकाळी पहिल्या गाडीने घरी.

थांबले ती मॅडममुळे. आमच्या गटाच्या मॅडम समुद्रशास्त्राच्या आहेत. त्यांनी माझा अर्ज वाचलेला. त्या सकाळी नाश्त्याला माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ते 'आळसावतं' लिहिलंयस ना, ते किती मिनिटांनी आळसावतं, हे मोजू या का?" मराठीतच म्हणाल्या. मग म्हणाल्या, ज्या भाषेत डोकं चालतं त्या भाषेत विचार कर, इंग्रजी नंतर शिकवते मी तुला. आता रोज रात्री अर्धा तास बसवून शिकवतात.

तर मोजलं कसं ते नीट सांगते, कारण तुलाही तेच करायचंय. पोफळीची एक काठी घेतली, तिच्यावर दहा-दहा सेंटीमीटरवर ऑइलपेंटच्या खुणा केल्या आणि खाडीच्या गाळात दोन हात खोल रोवली. पहिल्या तासात काही जमेना. लाटेने पाणी सतत वरखाली, खुणेवर नेमकं कुठे म्हणायचं? मग प्लास्टिकचा पाण्याचा पाइप काठीला बांधला, खालचं तोंड बंद करून बुडाजवळ एकच बारीक भोक पाडलं. बाहेर कितीही खळबळ असो, आतलं पाणी शांत राहतं आणि हळूहळू चढतं-उतरतं. आत थर्माकोलचा तुकडा, त्यात उभा खोवलेला माडाच्या झावळीचा हीर. हिराचं टोक पाइपच्या वर येतं, ते किती वर आलं ते पट्टीने मोजायचं. हीर वापरायचं मला सुचलं. मॅडमनी वहीत तसं लिहून घेतलं.

अष्टमीला दुपारी तीनला सुरुवात केली आणि नवमीच्या संध्याकाळी साडेसातला संपवली. तिघींनी पाळ्या केल्या. माझी पाळी रात्री बारा ते तीन होती. पहारेकरी काका बरोबर होते, काळजी करू नकोस. अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर होता, तो माझी पाळी लागता लागता मावळला, आणि मग एवढा काळोख की आपलाच हात दिसेना. सुकती पूर्ण झालेली, पाणी पार उतरलेलं. गाळात कुर्ल्यांची खुडबुड ऐकू येत होती. बॅटरी लावली तर समोर चिप्पीचं झाड फुललेलं. शमी, आपण ते झाड जन्मापासून बघतोय, फळं काढून मारामाऱ्या खेळलोय, पण त्याचं फूल मी कधी पाहिलं नव्हतं. ते रात्रीच उमलतं. पांढऱ्या तंतूंचा झुबका, रंगरंगोटीच्या ब्रशसारखा. सकाळी पाहिलं तर तंतू गळून पाण्यावर तरंगत होते आणि झाडावर नुसते हिरवे देठ. मॅडम म्हणाल्या, याच पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. दिवसा बघणाऱ्याला काय कळणार ते!

आता आकडे. अष्टमीला संध्याकाळी भरती पूर्ण झाली पाच वाजून वीस मिनिटांनी. नवमीला साडेसहाला. म्हणजे सत्तर मिनिटं उशीर. पुस्तकात लिहिलंय की आजच्या भरतीपासून उद्याच्या त्याच भरतीपर्यंत २४ तास ५० मिनिटं जातात, म्हणजे उशीर ५० मिनिटांचा. वीस मिनिटं कुठून आली? मला वाटलं मीच चुकले, वेळ बघताना गफलत केली. मी खोडरबर हातात घेतला तेव्हा मॅडमनी माझा हात धरला. "मोजलेला आकडा खोडायचा नाही. तो का आला ते शोधायचं."

आणि तिथे तुझं उत्तर सापडलं गं. पाणी एकटा चंद्र ओढत नाही, सूर्यही ओढतो. चंद्राचा जोर मोठा, सूर्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. पौर्णिमेला आणि अमावास्येला दोघं एकाच रेषेत येतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमाराला एक इकडे ओढतो, दुसरा आडवा. आमच्या काठीवर भांगात पाणी जेमतेम दीड हात चढलं. आणि दोघांच्या या ओढाताणीत भरतीची वेळही सरकते. ५० मिनिटं ही सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत उशीर त्याहून कमी, भांगात त्याहून जास्त. आठवीत तू जे विचारलंस ते अगदी खरं होतं. पाणी भांगात खरोखर उशीर करतं, आणि तुला ते नुसतं बंदरावर बसून दिसलं होतं.

मग मी आजोबांचा हिशोब फळ्यावर मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. काठीवर पाच वीस. नवमी, पावणेसात. काठीवर साडेसहा. सगळा वर्ग गप्प झाला. गणिताचे सर पुढे आले आणि म्हणाले, हे आपण अजून नीट बघू. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत तिथी पंधरा, आणि तेवढ्यात भरतीची वेळ बरोबर बारा तास पुढे सरकते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले पंधरा. दर तिथीला ४८ मिनिटं. आजोबांची पाऊण म्हणजे ४५. तीन मिनिटांचाच फरक! आणि ४८ मिनिटं म्हणजे किती? चोवीस मिनिटांची एक घटका. बरोबर दोन घटका, एक मुहूर्त. मला अंगावर काटा आला. आजोबा चौथीपर्यंत शिकलेत, शमी. तो हिशोब त्यांना त्यांच्या बापाने होडीत दिला. आणि त्यावर इथे दोन प्राध्यापक अर्धा तास फळ्यापुढे उभे होते. ज्यांनी मला मराठीवरून बोल लावला होता, तेही मागच्या बाकावर बसून उतरवून घेत होते.

गणिताचे सर मग रँग्लर परांजप्यांबद्दल बोलले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा मुलगा, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला झाला. मुर्डी कुठे आहे हे वर्गात फक्त दापोलीच्या एका मुलाला माहीत होतं.

गेल्या रविवारी कशेळीला नेलं होतं. आपण रथसप्तमीला दर वर्षी कनकादित्याच्या दर्शनाला जातो आणि तसंच परत येतो. तिथल्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, जवळजवळ अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत २०२२ साली कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांत ते आहे. दुपारच्या उन्हात रेषा नीट दिसत नव्हत्या. ऊन कललं तेव्हा खोबणीत सावली पडली आणि हत्ती उठून आला. मी तुला शोधायला मागे वळले, सवयीने.

बाबांबद्दल लिहू का? रागावू नकोस. ते वाईट नाहीत. आंब्याचा मोसम, तुझ्या आईची कंबर धरलेली, आणि मुलगी एकवीस दिवस लांब, यातलं काहीच खोटं नाही. पण बारावीनंतर हाच प्रश्न पुन्हा येणार आहे. इथे शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी आहे, पूर्णगडहून रोज नाही तरी दर शनिवारी घरी येता येईल. मॅडमना मी सगळं सांगितलं, प्रश्न तुझा होता हेही सांगितलं. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "तिच्या वडिलांशी मी बोलू का?" मी तुला विचारल्याशिवाय हो म्हणाले नाही. तू सांग.

आणि आता काम. आमच्याकडे भांगाचे आकडे आहेत, उधाणाचे हवेत. इथे आम्ही घेऊच, पण मॅडमना आपल्या मुचकुंदी नदीच्या मुखावरचेही हवेत, म्हणजे दोन खाड्यांची तुलना होईल. आकडे तुझ्या नावाने वहीत जातील, माझ्या नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी दोघींची नावं लिहून ठेवलीत.

काकांबरोबर पाइप आणि थर्माकोल पाठवलाय. हीर तुझ्या परसात आहेतच. काठी बंदराच्या पायरीजवळ रोव, जिथे आपण बसायचो त्याच्या उजव्या हाताला, तिथे गाळ घट्ट आहे. उधाणाचं पाणी चार-साडेचार हात चढेल, म्हणून काठी लांब घे. चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा, तिन्ही दिवस सकाळी दहा ते दुपारी दीड. दर दहा मिनिटांनी वाचायचं, पाणी थबकलं की दर पाच मिनिटांनी. उतरायला लागलं तरी लगेच उठू नकोस, अर्धा तास आणखी बस, नाहीतर सगळ्यात वरचा आकडा नेमका कुठला ते कळणार नाही. रात्रीची भरती सोडून दे, एकटी जाऊ नकोस. घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी लावून घे. एखादा आकडा विचित्र आला तर खोडू नकोस. आजोबांना बरोबर घेऊन जा, त्यांना फार आवडेल, फक्त आकडा तू वाच, त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही.

काका मंगळवारी आठवड्याच्या बाजाराला पुन्हा रत्नागिरीत येतील. वही त्यांच्याकडे दे. त्यातच मॅडमनी बाबांशी बोलावं की नको, तेही लिही.

तुझी,
नंदू